इतिहासाचार्य राजवाडे आणि निशाणी नांगर

दोन वर्षांपूर्वी माझा बारावीचा निकाल लागला आणि आमच्या घरात एका कागदाचा शोध सुरू झाला. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे प्रवेशाला काय काय लागते हे सांगणारे घरात कोणी नव्हते. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा असे कळले. म्हणजे वडिलांच्या पिढीचा कागद चालायचा नाही, आजोबांचा पाहिजे. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. त्यांच्या पेटीत दोन जुन्या पावत्या आणि एक पंचांग एवढेच निघाले.

पोशीरहून नेरळ आणि नेरळहून पुढे अशा वडिलांच्या चार-पाच खेपा झाल्या. शेवटी गाव नमुना नंबर चौदा, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत कोतवाल बुक, त्यात आजोबांच्या जन्माची नोंद सापडली. ती मोडी अक्षरात होती. एका वृद्ध गृहस्थांनी ती वाचून दाखवली. मुलगा झाला, बापाचे नाव दगडू बिन अमुक, जात कुणबी. बस्स. आडनाव नाही. कार्यालयातल्या बाईंनी विचारले की हा दगडू तुमचाच कशावरून? प्रश्न रास्त होता. आमच्या गावात त्या काळी दगडू नावाचे निदान तिघे तरी असतील! पुढे फेरफार उतारे निघाले, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र झाले आणि दाखलाही मिळाला. परंतु माझ्या मनातला प्रश्न काही मिटला नाही. आपल्या पणजोबांना आडनाव का नव्हते? आणि त्या नोंदीत पणजीचे नाव का नव्हते?

हा प्रश्न मी इतिहासाच्या सरांना विचारला तेव्हा त्यांनी उत्तर न देता ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवले आणि आधी राजवाडे वाच असे सांगितले. तेव्हापासून विश्वनाथ काशीनाथ राजवाडे या माणसाने मला झपाटून टाकले आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या या थोर संशोधकाची ओळख माझ्या मित्र-मैत्रिणींना व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली वरसई या गावी झाला. आपल्या कर्जत-खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातले हे गाव. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेले आणि झाशीचा प्रलय डोळ्यांनी पाहून परत आलेले विष्णुभट गोडसे हेही याच वरसईचे. एका लहानशा गावाने मराठीला माझा प्रवास लिहिणारे भटजी दिले आणि इतिहासाचार्यही दिले, हा योगायोग मला फार हृद्य वाटतो.

राजवाडे लहान असतानाच वडील वारले. घरची स्थिती बेताचीच होती. शिक्षण पुण्यात झाले, तेही रखडत रखडत. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ हे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक. विश्वनाथरावांना मात्र परीक्षेपुरता अभ्यास करणे कधी रुचले नाही. डेक्कन कॉलेजात असताना नेमलेली पुस्तके बाजूला ठेवून ते भलतेच ग्रंथ वाचत बसत. १८९० साली ते बी. ए. झाले तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. नापास होण्याच्या भीतीने रात्री झोप न येणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून थोडा धीर घ्यायला हरकत नाही. मात्र त्यांचे अवांतर वाचन किती होते हेही लक्षात ठेवावे!

पदवीनंतर त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली आणि सोडून दिली. लग्न झाले होते, पण पत्नी तरुणपणीच गेली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. भाषांतर नावाचे मासिक काढले, त्यात प्लेटोच्या रिपब्लिक या ग्रंथाचे मराठी रूपांतर दिले. मासिक फार वर्षे चालले नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही आपण लिहायचे ते मराठीतच, असा त्यांचा निर्धार होता आणि तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. परदेशी विद्वानांना आपले संशोधन वाचायचे असेल तर त्यांनी मराठी शिकावे, अशी त्यांची धारणा होती.

त्यांच्या आयुष्याला खरी दिशा मिळाली ती जुन्या कागदांनी. वाई येथे त्यांना पानिपतच्या काळातील पत्रांचा मोठा साठा मिळाला. ही पत्रे वाचताना त्यांच्या ध्यानात आले की ऐकीव बखरींवर उभारलेला मराठ्यांचा इतिहास ठिकठिकाणी कच्चा आहे. प्रत्यक्ष त्या दिवशी, त्या माणसाने लिहिलेला कागद हाच खरा साक्षीदार. या पत्रांचा पहिला खंड मराठ्यांच्या इतिहासाची साधने या नावाने १८९८ साली निघाला. पुढे या मालेचे एकूण बावीस खंड झाले. ना सरकारी मदत, ना पगार, ना हाताखाली माणसे. एक माणूस गावोगाव पायी हिंडतो आणि बावीस खंडांचे साहित्य गोळा करतो, हे आज सांगूनही खरे वाटत नाही.

त्यांचे हिंडणे कसे असे? अंगात लांब कोट, बरोबर जेमतेम लागणारे सामान, स्वयंपाक स्वतःच्या हाताने. जुन्या वाड्यात जायचे, माळ्यावरची दप्तरे उघडून दाखवा म्हणून विनवायचे. लोक सहजी दाखवीत नसत. इंग्रजांच्या इनाम कमिशनने कागद तपासून कित्येकांची इनामे काढून घेतली होती. त्यामुळे कोणी कागद मागितला की घरधन्याच्या पोटात गोळा येई. कोणाला भाऊबंदकीची भीती, कोणाला आपले वतन जाईल अशी शंका. कित्येक ठिकाणी राजवाडे पोचण्याआधीच दप्तरे वाळवीने खाल्लेली, रद्दीत गेलेली किंवा नदीत सोडलेली असत. अशा वेळी हा रागीट माणूस किती तळमळला असेल! आमच्या आजोबांची पेटी उघडली तेव्हा ती तळमळ मला थोडीशी समजली.

७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. त्याआधी १९०९ साली त्यांनी आपल्याला सापडलेल्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिले. १९२२ साली शहाजीराजांच्या पदरच्या जयराम पिंड्ये कवीचा राधामाधवविलासचंपू हा ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. मूळ ग्रंथापेक्षा प्रस्तावना मोठी, ही तर राजवाडे यांची रीतच होती.

पण मला राजवाडे जवळचे वाटले ते त्यांच्या नावांच्या वेडामुळे. राजे आणि लढाया यांच्याइतकेच त्यांना साधे शब्द महत्त्वाचे वाटत. गावाचे नाव, नदीचे नाव, माणसाचे नाव, आडनाव, मामा-आत्या-दीर-नणंद ही नाती, प्रत्येक शब्द म्हणजे त्यांच्या दृष्टीने जमिनीत पुरलेला एक जुना कागदच. तो खणून काढला की लोक कोठून आले, कोणाशी मिसळले, काय करीत होते हे उलगडते असे ते मानीत. नात्याच्या शब्दांवरून आणि जुन्या चालीरीतींवरून विवाहाच्या चाली कशा बदलल्या याचा शोध त्यांनी भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास या लेखांत घेतला. त्यांचे धातूंचे आणि नामांचे व्युत्पत्तिकोश त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती आजचे भाषाशास्त्रज्ञ मान्य करीत नाहीत, हे सरांनी मला आवर्जून सांगितले आहे. कल्पनेची भरारी घेताना राजवाडे कधी कधी जमीन सोडून देत. तरीपण नाव हाही पुरावा आहे, ही दृष्टी त्यांनी दिली ती कायमची.

या दृष्टीने मी आमच्या घरातल्या नावांकडे पाहू लागले. पणजोबा दगडू का? आजीने सांगितले की त्यांच्या आधीची भावंडे वाचली नाहीत. मूल जगावे, त्याला कोणाची, अगदी मृत्यूचीही नजर लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी ओबडधोबड नावे ठेवण्याची चाल होती. म्हणजे ज्या नावाला मी लहानपणी हसत असे त्या नावामागे एका आईने पुरलेली लेकरे होती. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चालही होती. त्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव पुन्हा येते आणि शोधणाऱ्याची फसगत होते.

बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. हा शब्द अरबीतून फारसी दफ्तरांच्या वाटेने मराठीत आला आणि इथलाच झाला. कोम म्हणजे अमक्याची बायको. जुन्या कागदांत पुरुष अमुक बिन तमुक असतो आणि स्त्री अमकी कोम तमका. गावात सगळे एकमेकांना ओळखतात तोवर बापाचे नाव पुरते. शाळा, नोकरी, न्यायालय आले तेव्हा आडनावाची गरज पडली. मग कोणी गावाच्या नावाला कर लावला, कोणी पाटील, कुलकर्णी, देशमुख असे हुद्द्याचे नाव घेतले, कोणी धंद्याचे, कोणी मूळ कुळाचे. एकाच भावकीतल्या दोन शाखांची दोन आडनावे झाली असेही दिसते.

ही गोष्ट केवळ आपल्याकडेच घडली असे नाही. ग्रंथालयात वाचताना मला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची हकीकत मिळाली. सतराव्या शतकात फ्रान्समधून तिकडे वसाहतीला गेलेल्या लोकांत एका घराला दोन आडनावे असत, एक मूळचे आणि एक म्हणवून घेण्याचे. शिपायांना पलटणीत पडलेले टोपणनावही वंशाला चिकटे. पुढे थोरल्या शाखेने एक नाव धरले आणि धाकटीने दुसरे. सिप्रियाँ तांगे या धर्मगुरूने तिथल्या चर्चमधल्या जन्म, विवाह आणि दफनाच्या नोंदी उतरवून १८७१ ते १८९० या काळात या घराण्यांचा कोश सात खंडांत छापला. तोही आपल्या राजवाड्यांसारखाच कागदवेडा. पण दोघांत एक मोठा फरक आहे. तिथला धर्मगुरू गावातल्या प्रत्येकाची नोंद करी, मग तो सरदार असो की नांगरट करणारा. लग्न झालेल्या बाईचीही नोंद तिच्या माहेरच्या आडनावाने होई. म्हणून तिथला आजचा साधा शेतकरीही आपल्या दहाव्या पिढीच्या आजीचे नाव सांगू शकतो. आपल्याकडे दफ्तर ठेवले जाई ते मुख्यतः महसुलासाठी आणि वतनासाठी. ज्याच्याकडून सारा यायचा त्याचे नाव कागदावर. त्याच्या शेतात राबणारा कागदाबाहेर.

यामुळेच राजवाडे वाचताना माझ्या मनात एक रुखरुख राही. त्यांनी आयुष्यभर पेटारे उघडले, पण पेटारे ज्यांच्या घरी होते त्यांचेच. आमच्यासारख्यांच्या घरी पेटाराच नव्हता. त्यांचे मतही निर्मळ नव्हते. जातीचा अभिमान त्यांच्या लेखनात जागोजाग डोके वर काढतो. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी अनुदार लिहिले तेव्हा पनवेलात जन्मलेल्या प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली कोदंडाचा टणत्कार हे पुस्तक लिहून त्यांना सडेतोड उत्तर दिले. रायगड जिल्ह्याच्या एका सुपुत्राला दुसऱ्या सुपुत्राने दिलेले हे उत्तर आपण सर्वांनी माहीत करून घेतले पाहिजे. थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याचे दोष झाकले तर ते चरित्र न राहता आरती होते.

१९२४ साली राजवाडे यांनी महिकावतीची बखर प्रसिद्ध केली. ही उत्तर कोकणाची, म्हणजे आपल्या शेजारचीच बखर. तिचा जुना भाग पंधराव्या शतकातला आहे. तीत बिंब राजाबरोबर कोकणात आलेल्या सोमवंशी, सूर्यवंशी, शेषवंशी कुळांच्या याद्या आहेत. प्रस्तावनेत राजवाडे यांनी कातकरी, ठाकर, वारली, कोळी अशा इथल्या लोकांच्या वसाहतीचा विचार केला आहे. हे लोक राजे बदलले तरी उदासीन का राहिले असा प्रश्न त्यांनी टाकला आणि इथे अन्न सहज मिळत असल्याने कोणालाच राज्याची फिकीर नव्हती असे काहीसे उत्तर दिले. हे वाचून मी आजीला विचारले. ती हसली. पावसाळ्यात सावकाराकडून भात आणायचे आणि सुगीला दीडपट फेडायचे, यात सहज काय होते ते तुझ्या पुस्तकवाल्याला विचार, अशा अर्थाचे काहीतरी ती बोलली. आजीला अक्षरओळख नाही, पण राजवाडे यांच्या प्रस्तावनेला मला मिळालेले ते पहिले उत्तर होते.

मराठीत कूळ हा शब्दच पाहा. मोठ्या घरात कूळ म्हणजे वंश, गोत्र, परंपरा. आमच्याकडे कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. एकाला कूळ असते, दुसरा कूळ असतो. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले, तेव्हा आमच्यासारख्या कित्येक घरांची नावे कसणारा म्हणून नव्हे तर मालक म्हणून सात-बाऱ्यावर आली. राजवाडे तोवर हयात असते तर या एका शब्दावर त्यांनी वीस पाने लिहिली असती.

मात्र एके दिवशी माझी ती रुखरुख थोडी निवली. जुने महजर वाचताना खाली साक्षीदारांच्या सह्या दिसल्या. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याच्या हत्याराचे चित्र काढीत. कुणब्याच्या नावापुढे निशाणी नांगर. ज्याचे जे हत्यार ती त्याची सही. राजवाडे शोधीत होते राजे आणि सरदार, पण त्यांनी वेचलेला कागद जसाच्या तसा छापण्याची शिस्त पाळली, म्हणून नांगराची निशाणी करणारा माणूसही त्या खंडांत येऊन बसला. संशोधकाचे मत चुकू शकते, पण प्रामाणिकपणे उतरवून ठेवलेला कागद पुढच्याला उपयोगी पडतो. राजवाडे यांच्याकडून मी शिकले ते हेच.

शेवटच्या काळात पुण्याच्या मंडळींशी त्यांचे पटेनासे झाले. स्वतः स्थापन केलेली संस्था सोडून ते धुळ्याला गेले. तिथेच शब्दांचे आणि धातूंचे काम करीत असता ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. मागे घर नाही, संसार नाही, पैसा नाही. राहिले ते रुमालात बांधलेले कागद. लगेच १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि ते कागद सुरक्षित झाले.

त्यांच्या मृत्यूला आता शंभर वर्षे होत आहेत. या शंभर वर्षांत मोडी शाळेतून गेली. २०२३ साली राज्यभर जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा मोडी वाचणारी माणसे पुरेशी मिळेनात. ज्या लिपीत आपल्या पणजोबांचा जन्म नोंदलेला आहे ती आपल्यालाच वाचता येऊ नये, ही शरमेची गोष्ट आहे. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीपासून मी मोडी शिकते आहे. अजून अक्षर लावायला वेळ लागतो. परंतु दगडू बिन एवढे मला आता कोणाच्या मदतीशिवाय वाचता येते.

दुसरे एक काम मी वहीत सुरू केले आहे. पणजोबांचे नाव कोतवाल बुकात मिळाले, पणजीचे कोठेच नाही. आजीला तिचे सासरचे नाव ठाऊक होते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेले ते नाव. माहेरचे नाव काय, माहेर कोणते, हे आठवायला आजीला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी भात सडताना म्हटल्या जाणाऱ्या एका ओवीतून तिला ते आठवले. मी ते लगेच लिहून घेतले. हा आमच्या घराण्याचा पहिला कागद. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला आहे. पुढच्या मुलींना ही शोधाशोध करावी लागणार नाही. मागच्यांचे मात्र आपल्यालाच करावे लागेल.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पेटारा नाही. पण ओटीवर बसलेली आजी आहे, आजोबा आहेत. राजवाडे मैलोन्‌मैल चालत गेले, आपल्याला फक्त ओटीपर्यंत जायचे आहे. एक वही घ्या, चार पिढ्यांची नावे विचारा, बायकांची माहेरची नावे आधी विचारा, आणि सांगतील तसे उतरवून ठेवा. सुधारू नका. वरसईच्या त्या कागदवेड्या पुरुषाला वाहायला याहून वेगळे फूल मला तरी सुचत नाही.